उडालेले तास आणि उभी वर्षं

कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत, चारकोपच्या एका इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिलं. उड्डाणाची परवानगी मात्र ऑक्टोबर २०१९ मध्ये मिळाली. हौसेनं बांधलेल्या विमानाच्या नशिबी अशी उभी वर्षं येतातच. कधी पैसे संपतात, कधी कागद अडतात. म्हणून असं जुनं विमान घेताना ‘किती तास उडालं?’ याआधी ‘किती काळ उभं होतं?’ हे विचारावं.

एकाच आराखड्यावरून दोघांनी बांधलेली दोन विमानंही सारखी नसतात. त्यामुळे नाव ऐकून भागत नाही. बांधणीची वही आणि फोटो मागावेत. इंजिनाची ओळख त्याच्या पाटीवर असते. ‘ओ-३२०’ म्हणजे समोरासमोर सिलिंडर असलेलं, ३२० घनइंचांचं, सुमारे सव्वापाच लिटरचं इंजिन. पाटीवरचा क्रमांक लॉगबुकाशी जुळलाच पाहिजे.

खरा शत्रू गंज. इंधन जळताना पाण्याची वाफ तयार होते, तिचा थोडा अंश तेलात उतरतो. उड्डाणात तेल पुरेसं तापलं की तो उडून जातो. जमिनीवर पाच-दहा मिनिटं इंजिन फिरवून बंद केलं तर आतच राहतो. लायकमिंग या कंपनीच्या बहुतेक इंजिनांत कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो. इंजिन उभं राहिलं की त्यावरचं तेल निथळतं आणि वडोदऱ्याच्या पावसाळी हवेत उघड्या पोलादावर गंज धरतो. पंखा अधूनमधून हातानं फिरवणारे भलं करायला जातात, पण उरलासुरला तेलाचा थरही त्यानं पुसला जातो.

वडोदऱ्याच्या नागरवाड्यातल्या कुणी असा सौदा मनात धरला असेल, तर पैसे देण्याआधी परवानाधारक विमान-इंजिनिअर सोबत न्यावा. तो गरम इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये ८० पौंड दाबाची हवा सोडेल आणि दाब किती टिकतो ते पाहील. आकड्याइतकंच महत्त्व गळतीच्या आवाजाला: सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरकडून आला तर इनटेक व्हॉल्व्ह, तेलाच्या तोंडातून आला तर पिस्टनच्या रिंगा. मग तेलाचा फिल्टर कापून धातूचे कण शोधायचे. पंखा कधी जमिनीला लागला होता का, हेही विचारायचं. पातं सरळ करता येतं, पण आतल्या क्रँकशाफ्टचा तडा इंजिन उघडून तपासल्याशिवाय कळत नाही.