घाट एक, आकडे तीन

सायकलची मोजमापे : भाग ६

पुण्याहून सिंहगडावर एकत्र जाऊन आलेल्या तीन सायकलस्वारांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून पाहा. अंतराचा आकडा तिघांचा जवळजवळ सारखा निघतो, फार तर चार-पाचशे मीटर इकडेतिकडे. चढाईचे आकडे मात्र जुळत नाहीत. एकाच रस्त्याने, एकाच वेळी, एकमेकांच्या मागे चाललेल्या तिघांच्या एकूण चढाईत शंभर-दीडशे मीटरचा फरक सहज पडतो. मग कोणाचे यंत्र खोटे, यावर वाद सुरू होतो. बहुतेकदा कोणाचेच खोटे नसते. प्रत्येक यंत्राने वेगळी गोष्ट मोजलेली असते आणि नाव मात्र एकच दिलेले असते.

गेल्या आठवड्यात आपण अंतराचा हिशेब पाहिला. उंचीचा हिशेब त्याहून अवघड आहे आणि त्याचे मूळ बेरजेच्या पद्धतीत आहे. एखाद्या ठिकाणची उंची ही मोजायची वस्तू आहे. एकूण चढाई मात्र कोणी मोजत नाही, ती काढावी लागते. यंत्र दर सेकंदाला उंचीची नोंद करते, लागोपाठच्या दोन नोंदींतला फरक घेते, आणि जिथे उंची वाढली तेवढेच फरक एकत्र मिळवते. उतार दुसऱ्या खात्यात जातो. इथेच सगळी गोम आहे. उंचीच्या नोंदीत चूक होऊन रस्ता क्षणभर अर्धा मीटर वर गेल्यासारखा दिसला आणि पुढच्या क्षणी अर्धा मीटर खाली आला, तर या दोन चुका एकमेकींना खोडत नाहीत. वर जाणारी चूक चढाईच्या जमेत पडते, खाली येणारी उताराच्या. जमेच्या खात्यात पडलेले कधीच वजा होत नाही.

याचा परिणाम किती मोठा असतो, ते साध्या गुणाकाराने कळते. समजा सायकल सपाट रस्त्यावर आहे आणि उंचीची नोंद दर दोन सेकंदांत एकदा ३० सेंटिमीटर वर जाऊन परत खाली येते. तासात अशा १,८०० खोट्या उड्या झाल्या. त्यांची बेरीज ५४० मीटर, म्हणजे पायथ्यापासून सिंहगड चढल्याइतकी चढाई एक पाऊलही वर न जाता जमा झाली. म्हणून कोणतेही यंत्र वा सॉफ्टवेअर कच्च्या नोंदींची सरळ बेरीज करत नाही. आधी नोंदी गुळगुळीत करतात, मग ठरावीक मर्यादेखालचे चढ गाळून टाकतात. किती गुळगुळीत करायचे आणि काय गाळायचे, हे ज्याचे त्याने ठरवलेले असते.

उंचीच्या नोंदी येतात तीन वाटांनी. पहिली वाट उपग्रहांची. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटरवर फिरतात आणि आपली जागा त्यांच्यापासूनच्या अंतरांवरून ठरते. आडव्या दिशेत उपग्रह आपल्या चहूबाजूंना असतात, त्यामुळे एका बाजूची चूक दुसऱ्या बाजूचा उपग्रह आवरतो. उभ्या दिशेत ती सोय नाही. सगळे उपग्रह डोक्यावर, पायाखाली एकही नाही, कारण खाली पृथ्वीच आडवी येते. त्यामुळे उंचीतली चूक आडव्या चुकीच्या दीडपट ते तिप्पट असते. घाटात एका बाजूला कडा असला की अर्धे आकाश झाकले जाते, आणि नेमकी जिथे उंची हवी तिथेच नोंद बिघडते.

अनेकांना पडणाऱ्या एका प्रश्नाचे उत्तर इथेच देतो. उपग्रहावरून मिळणारी मूळ उंची समुद्रसपाटीपासूनची नसते. ती पृथ्वीच्या आकाराशी जुळवलेल्या एका गणिती लंबगोलापासूनची असते. आपल्या किनाऱ्यावर समुद्रसपाटी या लंबगोलाच्या साठ मीटरहून अधिक खाली आहे. काही साध्या ॲपमध्ये मुंबईच्या चौपाटीवर उंची उणे साठच्या घरात दिसते ती यामुळेच. चढाईच्या बेरजेला त्याची बाधा होत नाही, कारण हा फरक एका राइडच्या टापूत जवळजवळ स्थिर असतो.

दुसरी वाट हवेच्या दाबाची. जरा वरच्या श्रेणीच्या सायकल कम्प्युटरमध्ये बारीकसा दाबमापक असतो. समुद्रसपाटीजवळ साधारण साडेआठ मीटर वर गेले की दाब एका हेक्टोपास्कलने उतरतो. आजचे दाबमापक दहा-वीस सेंटिमीटर उंचीइतका फरक ओळखतात. तीन वाटांत चढाईसाठी सर्वांत विश्वासाची हीच, असे माझे मत आहे. मात्र तिची मर्यादा समजून घ्यायला पावणेचारशे वर्षे मागे जावे लागेल.

१९ सप्टेंबर १६४८ रोजी फ्रान्समधल्या प्युई द दोम या डोंगरावर फ्लोरँ पेरिये पाऱ्याची नळी घेऊन चढला. ब्लेझ पास्कालने आपल्या या मेहुण्याला पत्र लिहून तसे करायला सांगितले होते. शिखरावर पारा पायथ्यापेक्षा तीन इंचांहून अधिक खाली उतरला, आणि उंचीबरोबर हवेचा दाब कमी होतो हे सिद्ध झाले. पेरियेने आणखी एक काळजी घेतली होती. तशीच दुसरी नळी त्याने पायथ्याच्या क्लेरमाँ गावातल्या मठात ठेवली आणि दिवसभर तिच्यावर लक्ष ठेवायला एका धर्मगुरूला बसवले. खालचा पारा दिवसभर हलला नाही. त्यामुळेच वरचा फरक डोंगराचा, हवामानाचा नव्हे, असे तो ठामपणे म्हणू शकला. याच प्युई द दोमच्या रस्त्यावर २०२३ साली, पस्तीस वर्षांच्या खंडानंतर, तूर द फ्रान्सची शर्यत पुन्हा चढली. त्या दिवशी शर्यतीत वर नेलेल्या दाबमापकांना पेरियेचेच तत्त्व लागू होते.

आपल्या सायकलवर दाबमापक एकच असतो. पायथ्याशी बसलेला धर्मगुरू नसतो. राइड चालू असताना हवामान बदलले, तर यंत्राला तो बदल चढ किंवा उतारच वाटतो. असा बदल व्हायला वादळच यावे लागते असेही नाही. उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज, स्वच्छ दिवशीही, ठरल्या वेळी वरखाली होतो: सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास सर्वाधिक, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी. सकाळी दहा ते दुपारी चार या काळात आपल्याकडे दाब तीन-चार हेक्टोपास्कलने उतरतो. म्हणजे सायकल अंगणात उभी ठेवली तरी दाबमापकाच्या हिशेबाने ती दुपारपर्यंत तीसेक मीटर वर गेलेली असते. युरोपात तयार झालेल्या सल्ल्यांत या रोजच्या भरती-ओहोटीचा उल्लेख क्वचितच सापडतो, कारण तिकडच्या अक्षांशांवर ती फार क्षीण असते. आपल्याला मात्र ती धरूनच चालावे लागते.

तापमानाचेही तसेच. दाबावरून उंची काढण्याचे सूत्र प्रमाण वातावरण गृहीत धरते: समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअस, आणि दर किलोमीटरला साडेसहा अंश कमी. त्या हिशेबाने हजार मीटरवर साडेआठ अंश असायला हवेत. एप्रिलच्या सकाळी सह्याद्रीत तिथे अठ्ठावीस अंश असतात. गरम हवा विरळ असते, तेवढ्याच उंचीत दाब कमी उतरतो, आणि दुरुस्ती केली नाही तर यंत्र चढाई सहा टक्क्यांनी कमी दाखवते. सहाशे मीटरच्या घाटात जवळजवळ चाळीस मीटर हरवले. यंत्रातल्या तापमापकाचा इथे फारसा उपयोग नाही, कारण तो उन्हाने तापलेल्या डबीचे तापमान सांगतो.

वेगाचा परिणाम त्याहून कमी लोकांच्या लक्षात येतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने उतरताना समोरून येणाऱ्या हवेचा पूर्ण दाब दाबमापकाच्या छिद्रावर बसला, तर तो एका हेक्टोपास्कलहून थोडा अधिक भरतो, म्हणजे नऊ-दहा मीटर उंचीइतका. प्रत्यक्षात छिद्र आडोशाला असते, त्यामुळे परिणाम कमी होतो, पण पुरता जात नाही. वळणावर ब्रेक दाबला की हा जादा दाब ओसरतो आणि उतरता उतरता मध्येच छोटा चढ लागल्याची नोंद होते. पावसाळ्यात आणखी एक अडचण येते. छिद्रात पाण्याचा थेंब किंवा चिखल अडकला की आतला दाब कोंडतो, मग उंची बराच वेळ एकाच आकड्यावर राहते आणि अचानक उडी मारते. पावसातल्या राइडनंतर यंत्र साध्या पाण्याने हलके धुऊन, छिद्र खाली करून वाळवावे. छिद्रात सुई कधीही घालू नये.

तिसरी वाट नकाशाची. ज्या फोनमध्ये किंवा यंत्रात दाबमापक नाही, त्याच्या नोंदीतली उंची सॉफ्टवेअर बहुधा टाकून देते आणि रस्ता उंचीच्या तयार नकाशावर ठेवून नवी उंची वाचते. असा सर्वांत प्रसिद्ध नकाशा फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ या अंतराळयानाने अकरा दिवसांत रडारने केला. त्याचा बारीकातला बारीक चौकोन साधारण ३० मीटरचा आहे. देशावरच्या माळरानावर हे पुरेसे आहे. घाटात नाही. तिथे रस्ता कड्याच्या पोटात कोरलेला असतो, ३० मीटरच्या एकाच चौकोनात वरचा कडा, रस्ता आणि खालची दरी तिन्ही येतात. पंचेचाळीस अंशांच्या उतारावर जागेची नोंद दहा मीटर बाजूला सरकली की उंची दहा मीटरने चुकते, आणि पसरणीसारख्या वळणावळणांच्या घाटात असे पदोपदी होते. पूल आणि बोगदे तर अशा नकाशाच्या आवाक्याबाहेरच असतात. साताऱ्याहून पुण्याकडे येताना आपण खंबाटकीच्या बोगद्यातून पलीकडे जातो. आत उपग्रह दिसत नाहीत, म्हणून सॉफ्टवेअर दोन तोंडांमध्ये सरळ रेघ ओढते, आणि नकाशा त्या रेघेखाली अख्खा डोंगर ठेवतो. आपण न चढलेला डोंगर चढाईत जमा होतो.

आता गाळणीकडे येऊ. माझ्या दृष्टीने या विषयाचा गाभा तोच आहे. राइडच्या नोंदी ठेवणाऱ्या स्ट्राव्हा या ॲपचा नियम असा, की दाबमापकाची चांगली नोंद असेल तर सलग दोन मीटरहून अधिक चढ झाल्यावरच तो धरायचा, नसेल तर दहा मीटरहून अधिक. समजा महामार्गावर सहा-सहा मीटर उंचीचे पन्नास उड्डाणपूल आहेत. पहिल्या नियमाने तीनशे मीटर चढाई झाली, दुसऱ्या नियमाने शून्य. पाय दोघांचे सारखेच दुखले. दहा मीटरचा नियम अन्यायाचा वाटला तरी मला तो योग्य वाटतो, कारण नकाशाच्या उंचीतला गोंधळच तेवढा असतो. गाळणी बारीक ठेवली तर खऱ्या पुलांबरोबर खोटे डोंगरही आत येतील.

मग खरा आकडा कोणता? १९६७ साली बेन्वा मँडेलब्रॉने ‘सायन्स’ नियतकालिकात ब्रिटनच्या किनाऱ्याच्या लांबीबद्दल हाच प्रश्न विचारला होता. लुइस फ्राय रिचर्डसनच्या निरीक्षणांच्या आधारे त्याने दाखवले, की मोजपट्टी जितकी लहान घ्यावी तितकी किनाऱ्याची लांबी वाढत जाते आणि ती कुठे थांबत नाही. एकूण चढाईही त्याच जातीची आहे. डोंगर धरायचे, टेकाडे धरायची, की गतिरोधक आणि खड्डेही धरायचे, हे ठरवल्याखेरीज तिला किंमतच नसते. यंत्र कितीही अचूक झाले तरी हा प्रश्न सुटणार नाही.

उंचीच्या आकड्यातला फरक किती महागात पडतो, ते जून २०२० मध्ये दिसले. एकाच चढावर वरखाली करत एव्हरेस्टएवढी, म्हणजे ८,८४८ मीटर चढाई पुरी करण्याच्या ‘एव्हरेस्टिंग’ या उपक्रमाचे नियम ‘हेल्स ५००’ या ऑस्ट्रेलियन गटाने २०१४ मध्ये घालून दिले. व्यावसायिक सायकलपटू लॅक्लन मॉर्टनने अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधल्या रिस्ट कॅन्यनच्या चढावर ती ७ तास ३२ मिनिटे ५४ सेकंदांत पुरी केली आणि विक्रम जाहीर झाला. नंतरच्या तपासणीत निघाले, की ज्या चढाच्या उंचीला फेऱ्यांनी गुणले होते, ती उंचीच नोंदीत जास्त धरली गेली होती. चूक एका फेरीतली, पण प्रत्येक फेरीबरोबर तीही गुणली गेली. विक्रम रद्द झाला. मॉर्टनने थोड्याच दिवसांत त्याच चढावर पुन्हा सगळे केले, आणि या वेळी ७ तास २९ मिनिटे ५७ सेकंदांत. सायकलिंगच्या इतिहासात मला या दुसऱ्या राइडचे मोल पहिलीपेक्षा कितीतरी अधिक वाटते.

रोजच्या वापरासाठी एवढे करावे. निघण्यापूर्वी यंत्राला खरी उंची सांगावी. ती मिळवायची सर्वांत सोपी जागा म्हणजे रेल्वे स्टेशन. फलाटाच्या टोकाच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. घरी परतल्यावर चढाई आणि उतार यांचे आकडे ताडून पाहावेत. जिथून निघालो तिथेच आलो तर दोन्ही सारखे हवेत. फरक पडला तर तेवढा हवेचा दाब सरकला असे समजावे. दोन्ही सारखे आले म्हणून मात्र दोन्ही बरोबर ठरत नाहीत, कारण खोट्या उड्या दोन्ही खात्यांत सारख्याच पडतात.

आपली प्रगती पाहायची तर एकच यंत्र आणि एकच सॉफ्टवेअर वर्षभर ठेवावे. मित्राशी तुलना करायची असेल, तर एकूण चढाई सोडून एखादा सलग घाट निवडावा. मध्ये उतार नसलेल्या घाटाची चढाई म्हणजे माथ्याची उंची वजा पायथ्याची उंची. ती भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावरच्या समोच्च रेषांवरून काढावी आणि फेऱ्यांनी गुणावी. तिथे गाळणी लागत नाही, दुपारचा दाब आड येत नाही, आणि तिघांचे उत्तर एकच येते.

पुढील आठवड्यात : चढावरची शक्ती, आणि ती मोजणारी पेडल.