टर्बोचा वाढीव दाब आणि इंजिनाची सहनशक्ती

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या उष्ण वायूंच्या जोरावर एक चक्र फिरवून, त्याच आसावरच्या दुसऱ्या चक्राने सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबायची, ही टर्बोचार्जरची मूळ कल्पना असून स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. वातावरणाच्या दाबापेक्षा जो अधिक दाब अशा रीतीने मिळतो, त्याला ‘बूस्ट’ म्हणतात. तो मर्यादेत राखण्याचे काम ‘वेस्टगेट’ ही झडप करते: दाब वाढला की बारीक नळीतून आलेली हवा पडद्याला ढकलते, स्प्रिंग दबते, दांडी सरकते आणि झडप उघडून काही वायू चक्राला वळसा घालून निघून जातात. पडद्यापर्यंत पोहोचणारा दाब कमी केला, तर झडप उशिरा उघडते व बूस्ट वाढतो. मात्र बदल सोपा असला, तरी त्याचे परिणाम सोपे नसतात. दाबलेली हवा तापते आणि पेट्रोल इंजिनात ती इंटरकूलरने पुरेशी थंड केली नाही किंवा वाढीव हवेच्या प्रमाणात इंधन मिळाले नाही, तर न जळलेले मिश्रण आपोआप भडकून ‘नॉकिंग’ होते, ज्यामुळे पिस्टनला भोकही पडू शकते. बूस्टला आवर घालण्यासाठी फॉर्म्युला वन शर्यतींमध्येही १९८७ साली ४ बार व १९८८ साली २.५ बार अशी दाबमर्यादा घालून १९८९ पासून टर्बोवर बंदीच आली, जी २०१३ पर्यंत टिकली. भारतात निर्मात्याच्या मूळ तपशिलात फेरफार करण्यास मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मनाई करते; त्यामुळे बूस्ट वाढवू पाहणाऱ्याने इंधन, थंडावा आणि कायदा या तिन्हींचा हिशेब आधीच मांडलेला बरा.