वास गेला, परत येईल का?

"अगं, काय करपतंय?" बाहेरच्या खोलीतून ह्यांचा आवाज आला, तेव्हा मी शेगडीपुढेच उभी होते. कढईतला लसूण काळा ठिक्कर पडला होता आणि माझ्या नाकाला त्याचा पत्ता नव्हता!

2021च्या मे महिन्यात मला करोना झाला. ताप चार दिवसांत उतरला. वास गेला तो गेलाच. आमटी म्हणजे नुसतं तिखट पाणी. सासूबाई म्हणाल्या, "जिवावरचं नाकावर निभावलं म्हण!" ते खोटंही नव्हतं. पण धाकटीला कुशीत घेतलं तरी तिच्या केसांचा वास येईना, भाजी शिळी की ताजी हे ठरवायला दर वेळी कुणाला तरी हाक मारायची, हे दुःख सांगायचं कुणाला?

आपण जिला चव म्हणतो, ती बरीचशी वासच असते. नाक चिमटीत धरून बडीशेप चघळून पाहा. नुसती गोडसर लागेल. चिमूट सोडली की बडीशेप! जिभेला गोड, खारट, आंबट, कडू अशा मोजक्याच चवी कळतात. तिखटाची आग वेगळ्या शिरेवाटे जाते, म्हणून मला मिरची तेवढी झोंबायची.

वास घेणाऱ्या पेशी नाकाच्या अगदी वरच्या टोकाला, दोन डोळ्यांच्या मधोमध असतात. मेंदूतल्या बहुतेक पेशी एकदा मेल्या की संपलं. ह्या मात्र नव्याने उगवू शकतात. म्हणूनच सर्दी-तापात गेलेला वास पुष्कळांचा परततो, कुणाचा पंधरा दिवसांत, कुणाचा वर्षाने. नाकात मांस वाढलं असेल तर औषधाने किंवा शस्त्रक्रियेने फरक पडतो. डोक्याला मार लागून वास गेला असेल तर आशा कमी. आणि सर्दी-पडसं नसताना वास गेला, विशेषतः उतारवयात, तर नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवावंच. कंपवाताची ती आधीची खूणही असू शकते.

मला डॉक्टरांनी नाकाची तालीम दिली. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी 2009 साली ही पद्धत मांडली. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी असे चार वास, सकाळ-संध्याकाळ, निदान बारा आठवडे. मी चार रिकाम्या बाटल्या घेतल्या. एकीत कुटलेली लवंग, एकीत लिंबाची साल (ही रोज ताजी हवी), उरलेल्या दोन्हींत कापसावर गुलाबाचं अत्तर आणि निलगिरीचं तेल. प्रत्येक बाटली दहा-पंधरा सेकंद हळूच हुंगायची आणि तो वास मनात आठवायचा. तेल नाकात मात्र घालायचं नाही हं!

चौथ्या महिन्यात भलतंच झालं. कॉफी आणि परतलेला कांदा कुजल्यासारखे येऊ लागले. मी रडलेच. डॉक्टर म्हणाले, पुष्कळदा ही सुधारणेचीच पायरी असते. त्या दिवसांत दहीभात, काकडी असं गार, साधं खाऊन निभावलं.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून सांभाळा. सिलिंडरमधल्या गॅसला मूळचा वास नसतो. गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळतात. आपल्याला तोच येत नसेल तर रात्री रेग्युलेटर बंद हवा, आणि जमल्यास गळती दाखवणारा भोंगा बसवावा.

आठव्या महिन्यात एका सकाळी झाकण उघडताच लवंग आली. पुढे कांदाही सुधारला. हिंग अजून धड कळत नाही, आणि सकाळी शेगडी पेटवण्याआधी स्वयंपाकघर हुंगायला धाकटीच पुढे असते.