खांबापासून खांबापर्यंत

पोखर्णीच्या रस्त्यावर पहाटे पाचच्या सुमारास दोन प्रकारची माणसे भेटतात. नृसिंहाच्या दर्शनाला निघालेली वडीलधारी मंडळी आणि पोलीस भरतीच्या तयारीसाठी धावणारी मुले. भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. त्यासाठी ही पोरे महिनोन्‌महिने अंधारात घाम गाळतात. तीन वर्षांपूर्वी या दोन घोळक्यांमध्ये एक तिसरा माणूस येऊन मिसळला. पन्नाशी ओलांडलेला, पोट सुटलेला आणि पंचवीस वर्षे दवाखान्याच्या खुर्चीत बसून इतरांना ‘रोज चालत जा’ असे सांगणारा. तो मीच.

वाचकहो, उतारवयात धावण्याची सुरुवात कशी करावी, हे सांगण्यापूर्वी माझ्या हातून घडलेल्या दोन चुका आपल्यापुढे ठेवतो. त्या टाळता आल्या, तर पुढचे बरेचसे आपोआप साधेल.

पहिली चूक आईच्या बाबतीतली. ती एकदा अंगणात पाय घसरून पडली. हाड मोडले नव्हते. पण आम्ही सारे घाबरलो. ‘आई, तू आता उठूच नकोस, काय हवे ते जागेवर मिळेल,’ असे मीच तिला बजावले. तिने ऐकले. रोज पायी देवळात जाणारी आई खाटेवर बसून राहिली आणि सहा महिन्यांत तिला न्हाणीपर्यंत जायलाही आधार लागू लागला. पडल्याने जे झाले नाही, ते बसल्याने झाले. वयानुसार स्नायू झिजतातच, परंतु वापर थांबला की ती झीज फार वेगाने होते. हे मी पुस्तकात शिकलो होतो; घरात मात्र विसरलो.

दुसरी चूक माझ्या स्वतःच्या बाबतीतली. आईकडे पाहून मलाच भीती वाटली आणि मी धावायचे ठरवले. पहिल्याच दिवशी भरतीच्या मुलांबरोबर निघालो. ‘डॉक्टरकाका, दमानं!’ असे मुले म्हणत होती. अर्ध्या वाटेतच पोटरीत कळ आली आणि स्नायू दुखावला. पुढचे तीन आठवडे लंगडत रुग्ण तपासले.

एक चूक भीतीची, दुसरी घाईची. या दोहोंच्या मधली वाट धिम्या सुरुवातीची आहे आणि तीच आपल्यासाठी योग्य आहे.

धिमेपणा कशासाठी?

नियमित व्यायाम सुरू केला, की हृदय व फुप्फुसे काही आठवड्यांतच सरावतात. स्नायूंना हाडांशी बांधणारे कंडर आणि स्वतः हाडे यांना मात्र महिने लागतात. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात श्वास म्हणतो, ‘आता पळ’. पाय मात्र अजून तयार झालेले नसतात. बहुतेक दुखापती याच टप्प्यावर होतात. ज्याला दम लागत नाही, त्यानेही म्हणूनच घाई करू नये.

हा विचार नवा नाही. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांच्या प्रेरणेने १९६२ मध्ये सामान्य नागरिकांसाठी संथ धावण्याचा संघ सुरू झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेचे प्रसिद्ध प्रशिक्षक बिल बोवरमन तेथे गेले. खेळाडू घडविणारा हा माणूस, वय पन्नाशीच्या पुढे. हृदयविकारातून उठलेले, सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ त्यांच्या सोबतीसाठी वेग कमी करून धावले, तरी बोवरमन धापा टाकत होते. मायदेशी परतल्यावर त्यांनी एका हृदयरोगतज्ज्ञाच्या साहाय्याने सामान्यांसाठी पुस्तक लिहिले. ते १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील मुख्य सूत्र एवढेच, की सराव करावा, फरफट करू नये. धावताना सोबत्याशी बोलता आले पाहिजे.

आपल्याकडे बारामतीच्या लता भगवान करे यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. पतीच्या उपचारासाठी पैसे हवेत म्हणून त्या नऊवारी लुगड्यात, अनवाणी धावल्या आणि ज्येष्ठांच्या शर्यतीत जिंकल्या. त्यांच्यावर चित्रपटही निघाला व त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. त्यांचे उदाहरण देऊन अनेक जण मला विचारतात, ‘मग आम्हाला का जमणार नाही?’ जमेल, परंतु त्यांचे पाय आयुष्यभर शेतातल्या कष्टाने घडलेले होते, हे ध्यानात घ्यावे. निवृत्तीनंतर दहा वर्षे खुर्चीत काढलेल्या पायांनी आधी ती शिदोरी जमवायला हवी. आषाढी वारीतही वेळापूरजवळ वारकरी धावा करतात. तो काही अंतरापुरताच असतो. बाकी सारी वाट चालण्याची असते.

आधी तपासणी

सुरुवातीपूर्वी आपल्या डॉक्टरांकडून रक्तदाब, साखर आणि हृदयाचा आलेख तपासून घ्यावा. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी किंवा अँजिओप्लास्टी झालेल्यांनी हृदयरोगतज्ज्ञांच्या संमतीशिवाय धावू नये. हाडे ठिसूळ होऊन अस्थिभंग झालेला असेल, वारंवार तोल जात असेल किंवा गुडघेदुखी वाढलेली असेल, तर चालणे आणि खुर्चीतून उठण्या-बसण्याचा व्यायाम हेच आपले धावणे समजावे. यात कमीपणा काहीच नाही. निरोगी गुडघा बेताच्या धावण्याने झिजतो, ही समजूत मात्र सोडून द्यावी.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची साखर व्यायामाने एकाएकी उतरू शकते. त्यांनी खिशात साखर किंवा गुळाचा खडा ठेवावा आणि घरी परतल्यावर तळपाय निरखून पाहावेत. बधिर पायाला फोड आलेला कळत नाही. मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉल यांसारख्या गोळ्या नाडीचा वेग कमी ठेवतात. त्या घेणाऱ्यांनी मनगटावरच्या घड्याळातील आकड्यांवर विसंबू नये. त्यांच्यासाठी बोलण्याची कसोटीच खरी. एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता येत असेल तर वेग योग्य. शब्द तुटू लागले, की चालावे.

बारा आठवड्यांचा क्रम

पहिले चार आठवडे केवळ चालावे. आठवड्यातून पाच दिवस, पहिल्या आठवड्यात १० मिनिटे आणि हळूहळू वाढवत चौथ्या आठवड्याच्या अखेरीस ३० मिनिटे.

पाचव्या आठवड्यापासून धावणे सुरू होते, तेही आठवड्यातून तीनच दिवस आणि एक दिवसाआड. त्यासाठी घड्याळाची गरज नाही. रस्त्याकडेचे विजेचे खांब पुरेसे आहेत. आधी १० मिनिटे चालून अंग गरम करावे. मग एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत संथ धावावे आणि पुढचे तीन खांब चालावे. अशा सहा फेऱ्या. सातव्या व आठव्या आठवड्यात एक खांब धावून दोन चालावे. नवव्या व दहाव्यात एक धावून एक चालावा. अकराव्या व बाराव्यात दोन धावून एक चालावा. शेवटी पाच मिनिटे सावकाश चालून थांबावे. जेथे खांब नाहीत, तेथे एका खांबाऐवजी अर्धा मिनिट धरावा. जो आठवडा जड गेला तो पुन्हा करावा. येथे कोणी गुण देणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. पासष्टीनंतर तोल आणि ताकद यांचा व्यायामही आठवड्यातून तीन दिवस असावा. त्यासाठी घरी हातांचा आधार न घेता खुर्चीतून दहा वेळा उठावे आणि भिंतीजवळ एका पायावर उभे राहावे.

परभणीचा उन्हाळा आपल्याला ठाऊकच आहे. सूर्य वर येण्याआधी परतावे. कडाक्याच्या थंडीत मात्र थोडे उजाडू द्यावे आणि कान झाकावेत. पावसात काळ्या मातीची वाट निसरडी होते, म्हणून शाळेचे मैदान बरे. रस्त्यावर असाल, तर समोरून येणारी वाहने दिसतील अशा उजव्या बाजूने जावे; उसाच्या ट्रॉल्या पाठीमागून केव्हा येतील याचा नेम नसतो. पायात मऊ तळव्याचे, बांधता येणारे बूट असावेत.

दुसऱ्या दिवशी दोन्ही पाय सारखेच भरून आले, तर चिंता नको. दुखणे एकाच जागी असेल, तीव्र असेल किंवा सूज असेल, तर थांबावे. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, थंड घाम, भोवळ यांपैकी काहीही जाणवले तर तत्काळ बसावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

घरच्यांसाठी

‘या वयात कशाला?’ हा आपला प्रश्न प्रेमापोटी येतो, हे मी जाणतो. तो मीही विचारला होता. त्याऐवजी ‘उद्या मी सोबत येतो,’ असे म्हणून पाहा. पहिले काही दिवस सोबत चाला, बुटांची नाडी बांधून द्या, औषधांची वेळ सांभाळा. आणि वडिलांनी एक दिवस विश्रांती घेतली, तर त्यांना डिवचू नका.

माझी आई धावत नाही आणि धावणारही नाही. खुर्चीतून उठण्यापासून तिची नवी सुरुवात झाली. पहिल्या दिवशी ती एकदाच उठू शकली. आज ती काठी घेऊन तुळशीपर्यंत एकटी जाते आणि मी परतलो, की विचारते, ‘आज किती खांब?’

आपणही उद्या पहाटे बूट घालून दाराबाहेर पडा. दहा मिनिटे चाला आणि परत या. पहिल्या दिवसासाठी तेवढे पुरे.