दोन कोडी सोडवणारा डोंगर

मध्य फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँ शहराच्या पश्चिमेला प्वी द दोम नावाचा डोंगर आहे. उंची १४६५ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून कमीच. आल्प्सचा बर्फाळ थाट त्याच्याकडे नाही, तरी सुट्टीच्या दिवशी माथ्यावर जत्रा भरते. कुणी जुन्या खेचरवाटेने चालत येतो, तर कुणी २०१२ पासून धावणाऱ्या दातेरी रुळांच्या गाडीतून. पॅराग्लायडिंगवाले वारा पाहून उतारावरून उडी घेतात. १९६४ च्या तूर द फ्रान्समध्ये आंकेतील आणि पुलिदोर हे दोन सायकलपटू ज्या चढावर एकमेकांना चिकटून झुंजले, तो चढ पाहायलाही लोक मुद्दाम येतात. मला मात्र हा डोंगर महत्त्वाचा वाटतो तो वेगळ्या कारणासाठी. हवेला वजन असते का आणि काळा कातळ येतो कुठून, या दोन प्रश्नांची उत्तरे माणसाला याच परिसरात पायपीट करून मिळाली.

पहिली गोष्ट हवेची. सतराव्या शतकाच्या मध्यावर इटलीत तोरिचेल्लीने एक प्रयोग करून दाखवला होता. एका टोकाला बंद असलेली काचेची लांब नळी पाऱ्याने भरून पाऱ्याच्याच भांड्यात उलटी धरली, तर सगळा पारा खाली येत नाही. पाऊण मीटरच्या आसपास तो थांबतो आणि त्याच्या वर मोकळी जागा राहते. पाऱ्याला तोलून धरते कोण? बाहेरच्या हवेचे वजन, असे तोरिचेल्लीचे म्हणणे. जुन्या मताच्या विद्वानांना हे पटत नव्हते. निसर्गाला पोकळी खपत नाही आणि ती टाळण्यासाठीच पारा वर राहतो, असे ते सांगत.

ब्लेझ पास्कलचा जन्म क्लेरमाँचा, १६२३ सालचा. या वादाचा निकाल लावायला डोंगर हवा, हे त्याने ओळखले. पारा हवेच्या वजनामुळे टिकत असेल, तर उंचावर गेल्यावर डोक्यावरची हवा कमी होईल आणि पाराही उतरेल. निसर्गाला पोकळीचा तिटकारा पायथ्याशी जास्त आणि माथ्यावर कमी वाटतो, असे तर कोणी म्हणणार नाही! पास्कल तेव्हा पॅरिसमध्ये होता आणि त्याची प्रकृती तोळामासा होती. त्याने १५ नोव्हेंबर १६४७ रोजी आपले मेव्हणे फ्लोरँ पेरिये यांना पत्र लिहून हे काम सोपवले. पेरिये क्लेरमाँमध्ये अधिकारपदावर होते. डोंगरावरचा बर्फ आणि हाताशी असलेली कामे यांतून सवड मिळेपर्यंत पुढच्या वर्षीचा सप्टेंबर उजाडला.

१९ सप्टेंबर १६४८ च्या सकाळी शहरातल्या एका मठाच्या बागेत मंडळी जमली. त्यांत धर्मगुरू होते, अधिकारी होते, एक वैद्यही होता. पेरियेंनी एकाच भांड्यातला पारा दोन नळ्यांत भरून शेजारी शेजारी ठेवला. दोन्हींतली उंची सारखीच भरली: तेव्हाच्या फ्रेंच मापाने २६ इंच साडेतीन रेषा, म्हणजे सुमारे ७१ सेंटिमीटर. मग त्यांनी जे केले त्याचे मला फार कौतुक वाटते. एक नळी त्यांनी बागेतच ठेवली आणि मठातल्या एका धर्मगुरूंना दिवसभर तिच्यावर नजर ठेवायला बसवले. हवामान बदलून पारा आपोआप हलला, तर तो डोंगराचा परिणाम समजला जाऊ नये, यासाठी ही खबरदारी. आजचा संशोधक जिच्याशिवाय प्रयोगाला हात घालत नाही, ती तुलनेची जोडी ती हीच.

दुसरी नळी माथ्यावर गेली. तिथे पारा २३ इंच २ रेषांवर थांबला. तीन इंचांहून अधिक, म्हणजे जवळपास साडेआठ सेंटिमीटरांचा फरक! पाहणारे थक्क झाले. पेरियेंचे समाधान मात्र एवढ्याने झाले नाही. माथ्यावर तेव्हा एक छोटे प्रार्थनामंदिर होते. त्यांनी त्याच्या आत मोजले, बाहेर मोजले, वाऱ्यात मोजले, धुक्यात आणि पावसातही मोजले. पाच वेळा आकडा तोच आला. उतरताना वाटेत एका ठिकाणी पुन्हा मोजले, तेव्हा पारा मधल्या उंचीवर होता, बरोबर २५ इंच. बागेतली नळी दिवसभरात जराही हलली नव्हती. दुसऱ्या दिवशी पेरिये शहरातल्या कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर चढले आणि तेवढ्या थोडक्या उंचीवरही त्यांना दोन रेषांचा फरक सापडला. हवेच्या दाबाच्या एककाला आज पास्कलचे नाव आहे. दिवसभर डोंगर चढून-उतरून मोजमापे घेतली ती पेरियेंनी, हेही लक्षात ठेवायला हवे.

हा प्रयोग आज आपल्यालाही करता येतो, पाऱ्याला हात न लावता. अनेक मोबाइल फोनमध्ये दाब मोजणारा संवेदक असतो. सिंहगडाच्या पायथ्याशी आतकरवाडीत एक फोन मित्राकडे ठेवावा आणि दुसरा घेऊन गड चढावा. वर पोचेपर्यंत साठ-एक हेक्टोपास्कलांची घट दिसेल.

प्वी द दोमच्या माथ्यावर हवेचा अभ्यास पुढेही चालू राहिला. १८७० च्या दशकात तिथे हवामान वेधशाळा उभारायला घेतली आणि खोदकामात रोमन काळातल्या मर्क्युरी देवाच्या मोठ्या मंदिराचे अवशेष हाती लागले. दुसऱ्या शतकातले हे मंदिर. त्याच्या भिंती आज पर्यटकांना पाहता येतात. १९११ मध्ये पॅरिसहून सहा तासांच्या आत विमानाने येऊन याच माथ्यावर उतरण्याची पैज युजेन रनो या वैमानिकाने जिंकली. एक लाख फ्रँकचे ते बक्षीस मिशलाँ बंधूंनी लावले होते. आता तिथले शास्त्रज्ञ ढग पकडून त्यांतली रसायने आणि सूक्ष्मजीव तपासतात.

दुसरा प्रश्न कातळाचा. माथ्यावरून उत्तर-दक्षिण पाहिले की एका ओळीत डोंगरच डोंगर दिसतात. काही घुमटासारखे, काही माथ्याला वाटीसारखा खळगा असलेले. सुमारे तीस किलोमीटरच्या पट्ट्यात असे ऐंशीच्या आसपास ज्वालामुखी आहेत. तरीही १७५१ पर्यंत हे ज्वालामुखी आहेत, हे विद्वानांच्या ध्यानात आले नव्हते. त्या वर्षी झाँ-एतिएन गेतार या निसर्गवैज्ञानिकाने इथून प्रवास केला. बांधकामातले काळे, सच्छिद्र दगड पाहून त्याला शंका आली, आणि दगड येतात कुठून हे शोधत तो थेट डोंगरांपर्यंत पोचला. मात्र बेसॉल्ट हा पाण्यातून साचलेला खडक आहे, असेच तो धरून चालला.

ही गाठ सोडवली निकोला देमारेने. पेशाने तो कारखान्यांचा निरीक्षक होता. १७६३ मध्ये प्वी द दोमकडे जाणाऱ्या वाटेवर त्याला बेसॉल्टचे पैलूदार खांब दिसले. त्या खडकाचा माग काढत तो चढत गेला, तेव्हा खांब थिजलेल्या लाव्ह्याच्या प्रवाहात मिसळलेले आढळले. प्रवाहाचा माग काढल्यावर त्याचा उगमही सापडला, जुन्या ज्वालामुखीत. लाव्हा थंड होताना आकसतो, त्याला तडे जातात, आणि हे तडे आत आत शिरत खडकाला खांबांचा आकार देतात. बेसॉल्ट आगीतूनच जन्मतो याचा पुरावा असा जमिनीवर पसरलेला होता. वाद तरी पुढे अर्धे शतक रेंगाळला. जर्मनीत भूवैज्ञानिक वेर्नर आणि त्याचे शिष्य पाण्याचीच बाजू लढवत राहिले. देमारे म्हणे वाद घालत बसायचा नाही. जाऊन पाहा, एवढेच सांगायचा. वेर्नरचे शिष्य फोन बुख आणि दोब्युइसाँ १८०२-०३ च्या सुमारास खरोखरच ओव्हेर्नला, म्हणजे याच प्रदेशात, गेले आणि गुरूच्या मतावर ठाम राहणे त्यांना अवघड झाले.

या ज्वालामुखींचे आकार वेगवेगळे का, याचे उत्तर लाव्ह्याच्या घट्टपणात आहे. प्वी द दोमचा लाव्हा इतका चिकट होता की तो वाहिलाच नाही. जिथे बाहेर पडला तिथेच घुमट होऊन साचला. ही घटना सुमारे ११ हजार वर्षांपूर्वीची. शेजारच्या पारियू ज्वालामुखीला खोल मुख आहे. लाकडी पायऱ्यांनी त्याच्या काठावर चढले की सुमारे ९० मीटर खोल, गवताने भरलेली वाटी समोर येते. लांतेजी नावाच्या टेकडीवर तर जुन्या खाणीने डोंगराचे पोटच उघडे पाडले आहे. तिथे तांबड्या-काळ्या राखदगडांचे थर आणि लाव्हा वर आला त्या वाटा अगदी जवळून दिसतात. शेजारी जमीन खचून झालेली लिमान्यची खचदरी आहे. ही दरी आणि ज्वालामुखींची रांग एकत्रच, २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. जवळच्या व्होल्विकचा काळा लाव्हा-दगड क्लेरमाँच्या कॅथेड्रलला लागला आहे. तेराव्या शतकात सुरू झालेले ते कॅथेड्रल काळेभोर दिसते ते यामुळे.

काळ्या दगडाची ही चर्चा आपल्याला परकी नाही. आपले दख्खनचे पठार सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या बेसॉल्टचे आहे. फरक इतकाच, की इथला लाव्हा प्रामुख्याने लांबच लांब भेगांतून वाहिला आणि थरावर थर साचत गेला. त्यामुळे सह्याद्रीला पारियूसारखी मुखे नाहीत, पायऱ्यापायऱ्यांचे कडे आहेत. देमारेने पाहिले तसे खांब मात्र आपल्याकडेही आहेत. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट हिल ही सुमारे ६० मीटर उंचीची टेकडी अशाच उभ्या खांबांची आहे आणि तिच्या माथ्यावर गावदेवीचे मंदिर आहे. १९५२ पासून तिला कायद्याचे संरक्षण आहे. तरीही आसपासच्या खोदाईने ती झिजली, आणि आज इमारतींनी तिला असे वेढले आहे की तिची बाजू नीट पाहायला मोकळी जागा शोधावी लागते. फ्रान्सने आपल्या ऐंशी ज्वालामुखींसाठी जे केले, त्याच्या शतांश आस्था आपण या एका टेकडीसाठी दाखवायला हवी. निदान शाळांनी मुलांना तिथे नेऊन ते खांब दाखवावेत.