दांडा आत, हवा बाहेर

प्लाझ्माच्या प्रयोगांचा इतिहास लिहिला जातो तेव्हा लाटा, समीकरणं आणि ती मांडणारी माणसं पुढे येतात. मोजणारा प्रोब कक्षात नेमका कुठे होता आणि तिथवर पोहोचला कसा, हे एखाद्या परिच्छेदात उरकलं जातं. गेल्या शंभरेक वर्षांत या विषयाला सर्वांत जास्त पुढे नेलं ते मात्र या दुर्लक्षित परिच्छेदानंच, असं माझं मत.

1920च्या दशकात अमेरिकेत स्केनेक्टडीला, जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत, अर्व्हिंग लँगम्यूर आणि हॅरॉल्ड मॉट-स्मिथ यांनी वायूच्या नळीत प्रोब म्हणून बारीक तार सोडली. तिचं व्होल्टेज बदलत नेऊन मिळणाऱ्या करंटवरून त्यांनी इलेक्ट्रॉनांचं तापमान आणि घनता काढली. 1926 साली त्यांचा सिद्धान्त छापून आला. नळी छोटी होती, त्यामुळे जागेची चिंताही छोटीच.

चिंता वाढली ती कक्ष मोठे झाल्यावर. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात राइनर स्टेन्झेल आणि वॉल्टर गेकेलमन यांनी चुंबकीय रेषांच्या तुटण्या-जुळण्याचे प्रयोग केले. त्यांचे निबंध 1981 पासून येऊ लागले. तोच प्लाझ्मा पुन्हापुन्हा पेटवायचा आणि दर खेपेला प्रोब जरासा सरकवायचा, ही त्यांची रीत. प्लाझ्मा दर वेळी सारखाच वागला, तर एकच प्रोब हजारोंचं काम करतो.

याच विद्यापीठात 1991 च्या सुमारास सुमारे दहा मीटर लांबीच्या प्लाझ्माचं ‘लार्ज प्लाझ्मा डिव्हाइस’ उभं राहिलं. पुढे त्याची लांबी जवळपास दुपटीवर गेली. इथे खरी अडचण होती प्लाझ्मा पेटवणाऱ्या कॅथोडची. बेरियम ऑक्साइडचा थर दिलेला तापलेला पत्रा हवा लागली की बिघडतो. म्हणजे प्रोब बदलायला कक्ष उघडून चालत नाही. म्हणून प्रोब आधी बाजूच्या लहान कोठडीत ठेवतात, तिथली हवा पंपाने ओढतात आणि मगच मधला व्हॉल्व्ह उघडतात.

एवढ्यानं प्रोब आत गेला, पण एका सरळ रेषेतच. आरपार भोक असलेला धातूचा गोळा कक्षाच्या भिंतीत, हवा अडवणाऱ्या ओ-रिंगांमध्ये बसवला आणि प्रोबचा दांडा त्यातून घातला, तेव्हा खुंटीला टेकलेल्या वल्ह्यासारखा तो सरकूही लागला, झुकूही लागला. एका रेषेचं अख्खं प्रतल झालं. नवे त्रासही आले. लांब दांडा स्वतःच्या वजनानं वाकतो. झुकला की टोकावरची चुंबकीय कॉइलही फिरते, आणि उभ्या-आडव्या क्षेत्रांचे आकडे एकमेकांत मिसळतात. मोटर किती पावलं फिरवायची याचं त्रिकोणमितीचं गणित संगणकाकडे गेलं ते यामुळे.

वेळेचाही हिशेब पाहा. 51 गुणिले 51 जागा, प्रत्येक जागी दहा वेळा मोजणी आणि सेकंदाला एकदा प्लाझ्मा पेटवणं धरलं, तर एका प्रतलालाच सात तासांवर लागतात. असे मोठे कक्ष इतरत्रही आहेत; गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतला दोन मीटर व्यासाचा, तीन मीटर लांबीचा कक्षही याच घराण्यातला.

टोकामाक या फ्यूजन यंत्राच्या गाभ्यात मात्र दांड्याचं काही चालत नाही, तो वितळेल. तिथलं तापमान लेसरचा विखुरलेला प्रकाश सांगतो. प्रोब शिरतो तो फक्त कडेला, तोही झटकन आत मारून लगेच बाहेर काढण्यापुरता.