लोणारचा खार आणि शेतातला चर

बुलढाणा जिल्ह्यात लोणार गाव आहे. गावाला लागून एक भला मोठा खड्डा आहे. फार प्राचीन काळी आकाशातून पाषाण येऊन आदळला, त्याने तो पडला. रुंदी जवळजवळ १८०० मीटर! तळाशी सरोवर आहे. त्याचे पाणी खारट.

गंमत अशी, की काठावरची धार गोड आहे. ती गोमुखातून बारमाही पडते. तिच्याच पाण्यावर खाली उतारावर बागा होत. उरलेले पाणी सरोवरात जाई. मग गोड्याचे खारे कसे झाले?

सरोवरातून पाणी वाहून जायला वाट नाही. येणारे पाणी माती-खडकांतला थोडा थोडा खार घेऊन येते. उन्हाने पाण्याची वाफ होते. खार कुठे जाणार? तो मागेच राहतो.

या खारावर पुष्कळांनी पोट भरले. उन्हाळ्यात पाणी हटले, की काठचा खार गोळा करायचा. पाण्यात शिरून तळचे खडे काढायचे. डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी ही त्याची नावे. साबणाला, काचेला तो लागे. अकबराच्या काळच्या ‘ऐन-इ-अकबरी’त लोणारच्या या मालाची नोंद आहे.

लोणारात खार विकला गेला. शेतात झाला तर कोण घेणार? पाटाचे पाणी भरपूर दिले आणि निचरा नसला, तर जमिनीखालचे पाणी वर चढते. कंदिलाची वात तेल ओढते ना, तशी माती ते ओढते. वर पांढरा थर येतो. जमीन चोपण होते.

पुणे जिल्ह्यात १८८५ साली निरेचा डावा कालवा झाला. ऊस आला, पैसा आला. पण २५ वर्षांच्या आत कितीतरी जमीन खारावली. मग चर खणावे लागले.

चर पिकाच्या मुळांहून खोल हवा. त्याचे तोंड नाल्याला मिळाले पाहिजे. इथेच भांडणे होतात बघा. पाट साऱ्यांनाच हवा, पण चर आपल्या बांधातून कोणालाच नको!

आपल्या पूर्णाकाठी, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडे, तर विहिरींचे पाणीच मुळात खारे. म्हणून तिकडे पाण्याआधी चराचा विचार झाला पाहिजे, असे आम्हांस वाटते.